बाळाच्या घासाचा हिशेब

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात लोणी नावाचे गाव आहे. भीमाशंकरच्या डोंगरात धो धो कोसळणारा पाऊस या बाजूला पोहोचेपर्यंत पार थकून जातो, आणि लोणी-धामणीचा परिसर पुणे जिल्ह्याला अवर्षणग्रस्त म्हणूनच ठाऊक आहे. अशा गावातल्या एखाद्या घरात सकाळी ताक घुसळले जाते, वर आलेला गोळा काढून घेतला जातो आणि नुकत्याच चालू लागलेल्या पोराच्या भाकरीच्या तुकड्यावर त्यातले बोटभर लोणी फासले जाते. लहान मुलाला द्यायला याहून निर्मळ अन्न मराठी मनाला सुचत नाही. गोकुळातली चोरीदेखील लोण्याचीच होती! याच लोण्याचा एक वेगळा हिशेब १९६२ साली अमेरिकेतील एका प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी जगापुढे मांडला. दशलक्ष भागांत डीडीटीचे सात-आठ भाग असलेली वैरण गायीला घातली, तर तिच्या दुधात सुमारे तीन भाग उतरतात आणि त्या दुधाच्या लोण्यात हे प्रमाण ६५ भागांपर्यंत चढू शकते. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतो. त्यामुळे दुधाचे सत्त्व जिथे एकवटते तिथेच विषही एकवटते.

हा हिशेब मांडणाऱ्या रेचल कार्सन यांचे नाव आज पर्यावरण चळवळीच्या जननी म्हणून आदराने घेतले जाते. त्यांच्या हयातीत पाखरांसाठी गळा काढणारी भावनाविवश बाई अशी त्यांची टवाळीही भरपूर झाली. स्तुती आणि टवाळी या दोहोंतून एक गोष्ट मात्र निसटते. कार्सनबाईंच्या ग्रंथाचा विषय जितका पाखरांचा होता तितकाच तो माणसाच्या ताटाचा होता. आणि त्यातही ज्याला आपले ताट निवडता येत नाही, अशा मुलाच्या ताटाचा होता.

कार्सनबाईंचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. वडिलांच्या मालकीची सुमारे ६५ एकर जमीन होती, परंतु घरात पैसा कधी टिकला नाही. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. धाकट्या लेकीला रानात हिंडवून पक्षी, किडे, झाडे यांची ओळख तिनेच करून दिली. अकराव्या वर्षी रेचलची पहिली कथा मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली आणि आपण लेखिका होणार, हे तिने मनोमन ठरवून टाकले. १९२५ साली ती महाविद्यालयात गेली तेव्हा फीची तजवीज करताना घराची दमछाक झाली. आईला पियानोच्या शिकवण्या कराव्या लागल्या, चिनी मातीची भांडीही विकावी लागली. महाविद्यालयात मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेने जीवशास्त्र असे काही शिकवले, की इंग्रजी साहित्य घेऊन बसलेल्या या मुलीने विषयच बदलला. एक चांगला शिक्षक एखाद्या आयुष्याचा प्रवाह कसा वळवतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळाली. डॉक्टरेट मात्र राहून गेली. अमेरिकेत महामंदी होती, १९३५ मध्ये वडील वारले आणि घर चालवण्याचा भार या अविवाहित मुलीवर आला.

तेव्हा त्यांनी धरली ती सरकारी नोकरी. मत्स्यव्यवसाय खात्यासाठी प्रथम आकाशवाणीच्या संहिता लिहिल्या. मग स्पर्धा परीक्षा दिली, तीत त्या पहिल्या आल्या आणि १९३६ साली कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाल्या. त्या खात्यात अशा पदावर तोवर एकच स्त्री नेमली गेली होती. पुढच्याच वर्षी थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन मुली घरी आल्या. दिवसा खात्याची पत्रके व अहवाल तपासायचे, रात्री स्वतःचे लिहायचे, असा क्रम पंधरा वर्षे चालला. खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक या पदापर्यंत त्या चढल्या. कचेरीतल्या कामाला रूक्ष म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की आकडा तपासल्याखेरीज वाक्य पुढे न नेण्याची जी सवय पुढे त्यांच्या कामी आली ती याच टेबलावर लागली होती. १९४१ सालचे पहिले पुस्तक महायुद्धाच्या गदारोळात बुडाले. १९५१ साली आलेल्या समुद्रावरील दुसऱ्या पुस्तकाने मात्र त्यांना कीर्ती दिली आणि पैसाही दिला. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

आता डीडीटीकडे वळले पाहिजे, आणि त्याच्याशी न्यायाने वागले पाहिजे. स्वित्झर्लंडच्या पाऊल म्यूलर यांनी या रसायनाचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरांच्या भिंतींवर डीडीटीचे फवारे पडू लागले आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात उतरली. ज्या घरात तापाने फणफणलेले मूल मरता मरता वाचले त्या घराने डीडीटीला देव मानले असल्यास नवल नाही. गल्लत झाली ती पुढे. भिंतीवरचे औषध शेतात आले, विमानातून रानावनावर शिंपले जाऊ लागले. थोडे चांगले म्हणून अधिक फार चांगले, असे गणित मांडले गेले. कार्सनबाईंनी कीटकनाशके सरसकट बंद करा असे कधीच म्हटले नाही. बेसुमार वापराने कीटकच औषधाला पचवू लागतील आणि रोगाविरुद्धचे हत्यार बोथट होईल, हा त्यांचाच इशारा होता. भारतात १९७६ साली हिवतापाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले, त्यामागे अनेक कारणे होती. पण डासांची वाढलेली प्रतिकारशक्ती हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होते.

डीडीटीवर लेख लिहिण्याची कल्पना त्यांनी १९४५ सालीच एका खपाच्या मासिकाला सुचवली होती. ती नाकारली गेली. विषय पुन्हा पुढे आला तो १९५८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील एका मैत्रिणीच्या पत्राने. डास मारण्यासाठी विमानातून झालेल्या फवारणीनंतर तिच्या अंगणातले पक्षी तडफडून मेले होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक खटला चालू होता. झाडांवरील पतंगाचा नाश करण्यासाठी १९५७ साली सरकारने इंधन तेलात कालवलेले डीडीटी लोकांच्या शेतांवर, गोठ्यांवर, परसबागांवर शिंपले. मार्जोरी स्पॉक नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबतिणीने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. बालसंगोपनावरील पुस्तकामुळे घरोघर पोहोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या त्या भगिनी. खटला त्या हरल्या. मात्र साक्षीपुराव्यांचे गठ्ठे कार्सनबाईंच्या टेबलावर येऊन पडले आणि एका लेखाची सामग्री ग्रंथाएवढी झाली.

या काळात त्यांचे घर कसे होते, हे पाहिल्यावाचून त्या ग्रंथाचे मोल कळत नाही. १९५७ च्या आरंभी त्यांची एक भाची वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पोरका झाला. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कार्सनबाईंनी त्याला दत्तक घेतले. १९५८ च्या डिसेंबरात वृद्ध आई गेली. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि रोग खरोखर कोणता आहे हे डॉक्टरांनी त्यांना प्रथम सांगितलेच नाही. त्या काळी स्त्री रुग्णाला सत्य सांगण्याची रीत नव्हती. किरणोपचाराने अंग गळून जाई, दृष्टी अधू होई, शाळकरी मुलाचे दुखणेखुपणे असेच. कर्करोग आणि रसायने यांच्या संबंधावर लिहिणारी लेखिका स्वतः कर्करोगाने पोखरली जात होती, आणि हे तिने कटाक्षाने झाकून ठेवले. कळले असते तर तिच्या युक्तिवादाला आजारी बाईचा आक्रोश ठरवणारे टपलेलेच होते.

'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात पाखरांच्या प्रकरणांआधी मातीवरचे एक प्रकरण येते. त्यातील एक हकिगत अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. अमेरिकेतील एका मोठ्या बालान्न उत्पादकाने ठरवले होते, की विषारी कीटकनाशके मारलेला भाजीपाला शक्यतो खरेदीच करायचा नाही. त्याला सर्वांत छळले ते बीएचसीने. हे रसायन जमिनीत मुरते, मुळांतून व कंदांतून पिकात शिरते आणि कुबट वास व चव यांनी आपली ओळख देते. कॅलिफोर्नियातील काही शेतांत बीएचसी टाकून दोन वर्षे लोटली होती, तरी तिथल्या रताळ्यांत ते सापडले आणि माल नाकारावा लागला. एका वर्षी कंपनीने आपल्या गरजेची सगळी रताळी साउथ कॅरोलायनात करार करून लावून घेतली. तिथली इतकी जमीन दूषित निघाली, की अखेर खुल्या बाजारातून तोटा सोसून खरेदी करणे भाग पडले. भुईमुगाचा प्रश्न तर त्याहून चिवट निघाला. भुईमूग कपाशीच्या फेरपालटाने घेतला जाई, कपाशीवर बीएचसीचा मारा होई, आणि कपाशीवरचे औषध पुढच्या हंगामात शेंगदाण्यात उतरे.

या हकिगतीत कोण काय भरतो, ते पाहावे. औषध मारणाऱ्या शेतकऱ्याला पीक वाचल्याचा फायदा झाला. औषध विकणाऱ्याला नफा झाला. दोन वर्षांनी त्याच जमिनीत रताळी लावणाऱ्याचा माल पडून राहिला, आणि तपासणीचा व फेरखरेदीचा खर्च कारखानदाराने सोसला. तो तरी सोसू शकत होता. त्याच्याजवळ प्रयोगशाळा होती, माल नाकारण्याची ऐपत होती. सातगाव पठारावरचा बटाटा मंचरला येतो, तिथून घेऊन कोणी आई तो उकडते, कुस्करते आणि सहा-सात महिन्यांच्या बाळाला भरवते. तिच्यापाशी यांतले काहीच नसते. बाजारात मालाला भाव असतो, त्यातल्या अंशाला भाव नसतो. म्हणून तो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही. नंतरची बहुतेक औषधे तर कुबट वासाचीही सूचना देत नाहीत.

बाळाचा प्रश्न वेगळा का, हेही कार्सनबाईंनी सांगितले होते. मातेच्या दुधाच्या नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनाच आढळले होते. म्हणजे पहिल्या घोटापासून थोडी थोडी भर सुरू होते, आणि तीही गर्भात मिळालेल्या वारशावर. मोठ्या माणसाच्या वजनामागे जितके अन्न पोटात जाते, त्याच्या कितीतरी पट बाळाच्या वजनामागे जाते. त्याचे खाणेही चार-दोन पदार्थांचेच असते. दूध तर दूध, केळे तर केळे. यकृताची विष निकामी करण्याची शक्ती अपुरी, मेंदूची घडण चालू. कायदा प्रत्येक पदार्थापुरती सह्य मर्यादा आखून देतो आणि या सगळ्या मर्यादांची बेरीज एकाच पोटात होते हे विसरतो, हा त्यांचा आक्षेप होता. शिवाय ही मर्यादा पाळली जाते का, ते पाहणारे निरीक्षक इतके थोडे, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालापैकी शेकडा एक भागही तपासला जात नसे. राज्याच्या आतल्या मालावर तर त्यांचा अधिकारच चालत नसे.

ग्रंथ १९६२ च्या जूनपासून एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागला आणि २७ सप्टेंबरला पुस्तकरूपाने बाजारात आला. योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात थॅलिडोमाइडची बातमी फुटली. गरोदर स्त्रियांना निर्धोक म्हणून दिलेल्या औषधाने युरोपात हजारो मुले लुळीपांगळी जन्मली होती, आणि अमेरिकेत ते औषध अडवून धरले होते ते डॉ. फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी. निर्धोक या शब्दावरचा वाचकांचा विश्वास उडालेला असतानाच कार्सनबाईंचे प्रतिपादन त्यांच्या हाती पडले. रसायन कंपन्यांनी जंग जंग पछाडले. एका कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली, दुसरीने ग्रंथाचे विडंबन छापून वाटले. डॉक्टरेट नाही, लग्न नाही, मग पुढच्या पिढ्यांची चिंता हिला कशाला, अशीही कुजबुज झाली. ज्या घरात ही कुजबुज पोहोचत होती त्या घरात एक दहा वर्षांचा मुलगा शाळेचा अभ्यास करीत बसलेला असे.

उत्तर त्यांनी आवाज न चढवता दिले. ग्रंथाच्या शेवटी पन्नासहून अधिक पाने आधारांचीच होती. एप्रिल १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर लक्षावधी अमेरिकनांनी त्यांना शांतपणे बोलताना पाहिले. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि त्याने त्यांच्या म्हणण्याला मोठा दुजोरा दिला. जून महिन्यात त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. तेव्हा रोग हाडांत उतरला होता आणि चालणेही कष्टाचे झाले होते. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता. अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली ती १९७२ साली.

भारतातला कायदा दुसऱ्याच वाटेने आला. १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली, चौकशी आयोग नेमला गेला आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. एकदम मारणारे विष डोळ्यांपुढे ठेवून तो घडला होता. थेंबाथेंबाने साचणारे विष त्याच्या नजरेत फारसे नव्हते. आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनी येथे सरकारी कारखान्यात डीडीटी तयार होत असे. भारतात शेतीसाठी त्याला मनाई झाली १९८९ साली. अमेरिकेतील त्या बालान्न उत्पादकाला ज्याने सळो की पळो करून सोडले ते बीएचसी आपल्याकडे पावडरच्या पोत्यांतून १९९७ पर्यंत शेतात पडत राहिले.

त्याची किंमत किती, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९३ सालच्या अहवालात दिसते. बारा राज्यांतून गायी-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले गेले. शेकडा ८२ नमुन्यांत डीडीटी होते, शेकडा ३७ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत अधिक कुठे निघाले? महाराष्ट्रात, शेकडा ७४. दुधाचा महापूर आणण्याच्या गोष्टी या राज्यातही बोलल्या जात होत्या. त्याच पाहणीत डबाबंद बालान्नाच्या २० नाममुद्रांचे १८६ नमुने होते. त्यांतील सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसी आढळले. अंश आढळणे म्हणजे विषबाधा होणे नव्हे, हा भेद सोडू नये. पण गायीच्या दुधावर विश्वास नाही म्हणून पदरमोड करून डबा आणणाऱ्या मध्यमवर्गीय आईबापांना त्या डब्याने काय दिले, हेही त्यात दिसते.

त्याच १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने बालकांच्या आहारातील कीटकनाशकांवर अहवाल काढला. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याच्या धोक्याचे माप वेगळे घेतले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९६ च्या कायद्याने तिथे मुलांसाठी दहापट अधिक सुरक्षिततेची अट आली. युरोपने १९९९ मध्ये बालान्नातील कोणत्याही एका कीटकनाशकाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे एक शतांश मिलिग्रॅमवर आणून ठेवली. भारतातही डीडीटी आणि बीएचसी शेतातून गेल्याचा परिणाम दिसला. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांत कीटकनाशकांचे मर्यादेबाहेरील अंश अपवादापुरतेच निघाले. बंदीने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी १९९३ आणि २०१८ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

दुधाची तपासणी अशी देशपातळीवर अधूनमधून होते. फळांच्या बाबतीत जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षांची गोष्ट पाहण्याजोगी आहे. २००३ च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिलचे अंश सापडले आणि निर्यात धोक्यात आली. त्यानंतर जे झाले ते थक्क करणारे आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, तोडणीपूर्वी नमुना, त्याचा अहवाल आणि पेटीवरून थेट शेतापर्यंत माग काढण्याची सोय, असे सारे लागू झाले. सामान्य शेतकऱ्याने हे शिकून घेतले आणि पाळलेही. म्हणजे अडचण ज्ञानाची नव्हती, यंत्रांचीही नव्हती. ज्या बागेची निर्यातीसाठी नोंद नाही, तिच्या द्राक्षांना आणि नारायणगावच्या बाजारातल्या टोमॅटोला हा तोडणीपूर्वीचा नमुना लागू नाही. कार्सनबाईंच्या काळी अमेरिकेत राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मालापुरता निरीक्षकाचा अधिकार होता. इथे समुद्र ओलांडणारा घड तोडणीपूर्वी प्रयोगशाळेत जातो; मंचरहून पिशवीत घालून लोणीला नेलेला घड धुऊन मुलाच्या हातात दिला जातो.